‘आठवते का’ म्हणायचं नाही

आमच्या मॅडमना अर्धं अमरावती येडं समजायचं. उरलेलं अर्धं त्यांना ओळखत नव्हतं, म्हणून वाचलं. सुती साडी, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, पाठीला शाळकरी पोराचं असावं तसं दप्तर आणि गळ्यात नाडीला बांधलेली बॅटरी. ही बॅटरी अंधारात चालायला नव्हे, म्हाताऱ्यांच्या कानात पाहायला. कोणाच्याही घरी गेल्या की नमस्कार, पाणी आणि तिसरी गोष्ट कान. ‘अर्धं गाव बहिरं आहे, वेडं नाही,’ असं त्या म्हणायच्या. आणि खरंच, म्हातारा काही ऐकत नाही, काही समजत नाही, भ्रमिष्ट झाला, असं ज्याच्याबद्दल घरचे सांगत, त्याच्या कानातून कधीकधी एवढा मळ निघायचा की मला दुपारचा डबा जात नसे.

त्यांचं काम म्हणजे म्हातारपणी माणसाचं ध्यान, म्हणजे आठवण, का जातं आणि ते जाऊ नये म्हणून आधीच काय करता येईल, याचा अभ्यास. मी त्यांच्या प्रकल्पात गावोगाव फिरून फॉर्म भरणारी. समाजकार्य शिकून वलगावला घरी बसले होते, तेव्हा त्यांनी मला घेतलं. मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, ‘तुझी आजी आहे का?’ मी म्हटलं, होती. ‘तिच्याशी भांडायचीस का?’ मी म्हटलं, रोज. ‘सोमवारपासून ये.’

ऑफिस म्हणजे एका पीठगिरणीच्या वरच्या दोन खोल्या. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं आणि फायलींवर पिठाचा थर बसायचा. आम्ही कुरकूर केली की मॅडम म्हणायच्या, ‘म्हाताऱ्या बायका दळण घेऊन येतात ना खाली? मग झालं तर.’ दळण होईपर्यंत त्या बायकांना वर चढवून बीपी मोजायच्या. खालच्या पानठेल्यावर उभ्या असलेल्या चाळिशीतल्या माणसांचे दंडही त्यांनी सोडले नाहीत. ‘आत्ता गोळी घे, नाहीतर वीस वर्षांनी बायकोचं नाव विसरशील,’ असं सरळ तोंडावर. एक जण म्हणाला, ‘मॅडम, तेच तं पायजे.’ सगळा ठेला हसला. मॅडम हसल्या नाहीत. पट्टा गुंडाळून त्याच्या दंडाला लावला आणि आकडा निघाला तो पाहून त्यांनी त्याला स्वतःच्या स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं.

ऑफिसात काही शब्दांना बंदी होती. ‘बिचारी’ म्हणायचं नाही. ‘सठिया गया’ तर नाहीच नाही. आणि सगळ्यात कडक बंदी ‘आठवते का’ या दोन शब्दांवर. ‘आठवते का म्हटलं की परीक्षा सुरू झाली. माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला स्वतःचं घर सापडत नाही. नुसतं सांगा बरं म्हणा.’ मी एकदा फोनवर नवऱ्याला म्हटलं, ‘दूध आणायचं आठवते का?’ मॅडम आतल्या खोलीतून ओरडल्या, ‘काहून त्याले घाबरवून राहिली वं?’ एरवी त्या पुस्तकासारखं शुद्ध बोलायच्या, पण चिडल्या की अस्सल वऱ्हाडी.

मूळच्या अकोल्याच्या. बाप रेल्वेत गँगमन, आई विहारातल्या बायकांना जमवून लिहायला शिकवणारी. त्यांच्या घरात एवढं शिकलेल्या त्या पहिल्याच. गावात काही घरांत अजून आधी आडनाव विचारतात. मॅडम आडनाव मोठ्याने, एक-एक अक्षर तोडून सांगायच्या, समोरच्याचा चेहरा बदलला तर बदलू द्यायच्या आणि मग शांतपणे म्हणायच्या, ‘हं, आता कान दाखवा.’ बहुतेक वेळा कान मिळायचा. एका ठिकाणी मिळाला नाही. तिथे आम्ही पाणीही न पिता निघालो.

लोकांना वाटायचं, बाईच्या घरात कोणाचं तरी ध्यान गेलं असणार, म्हणून ही एवढी पछाडलेली. मीही एकदा विचारलं. ‘नाही बुवा. माझ्या घरी कोणालाच काही झालेलं नाही. माझ्या घरी काही झालं तरच मी काम करायचं का?’ लग्न केलं नव्हतं. दर शनिवारी दुपारची गाडी धरून अकोल्याला बापाकडे जायच्या, त्याच्याशी पत्ते खेळायच्या आणि रविवारी रात्री हरून परत यायच्या. म्हातारा लबाडी करायचा म्हणे. ‘लबाडी करायला किती डोकं लागतं माहीत आहे? उत्तम लक्षण आहे,’ असं अभिमानाने सांगायच्या.

मॅडम गेल्या त्याला आता दोन पावसाळे झाले. हृदयाचा झटका, बसल्याजागी. बाप अजून आहे, नव्वदीला टेकलेला. त्याचा मला अधूनमधून फोन येतो. मागे म्हणाला, ‘पोट्टीनं माह्यं ध्यान लय सांभाळलं. आता सारंच ध्यानात हाये, बाई. ते कसं इसरू ते सांग.’ मी फोन ठेवून रडले.

पण मॅडमचं नाव निघालं की मला त्यांच्या बुटांआधी, बॅटरीआधी आठवतं ते चांदूर रेल्वेजवळचं एक घर. ते मी कोणाला फारसं सांगत नाही, कारण त्यात चूक माझी आहे. मॅडम म्हणायच्या फॉर्मची. म्हणोत.

आमचा फॉर्म इंग्रजीतून आलेला होता आणि मॅडमनी त्याची चिरफाड करून तो वऱ्हाडाच्या मापाचा केला होता. मूळ फॉर्ममध्ये विचारलेलं, आपण कितव्या मजल्यावर आहोत. आमच्या म्हाताऱ्या जन्मभर जमिनीवर. घड्याळ काढून दाखवा, हाही प्रश्न होता. जिने कधी पेन्सिल धरली नाही ती काय काढणार? मॅडमनी ते सगळं छाटलं. भाकरीचा क्रम सांगा, वेचणीच्या आधी शेतात काय काय करतात ते सांगा, असलं घातलं. त्या फॉर्मचा त्यांना फार अभिमान होता. पण काही साधे प्रश्न तसेच ठेवले. आज वार कोणता, महिना कोणता, नवऱ्याचं नाव काय. ‘हे तर जगात कुठेही सारखंच,’ असं त्या म्हणाल्या आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्यात एक नियम होता. हे तीनही चुकले तर तिथेच थांबायचं. म्हाताऱ्या माणसाला उगाच छळायचं नाही. तज्ज्ञाकडे दाखवा म्हणून सांगायचं आणि घरच्यांना एक चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीवर मॅडमनी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, ‘यांना चुलीजवळ, विहिरीजवळ, रस्त्यावर एकटं सोडू नका. हातात विळा, कात्री देऊ नका.’ चांगल्या मनाने लिहिलेली चिठ्ठी होती ती.

चैत्राचे दिवस होते. त्या गावात माझी सहा घरं राहिली होती आणि परतीची गाडी गाठायची होती. शेवटच्या घरात ओसरीवर एक मावशी शेवयांच्या पाटापाशी बसलेली, आजूबाजूला गल्लीतल्या चार बायका. तिच्या हातची शेवई दोऱ्यासारखी बारीक उतरते, म्हणून सगळ्या तिला बोलवायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा शेती करायचा, सून घरात. मी हात धुवायला लावून तिला बाजूला घेतलं.

‘मावशी, आज वार कोणता?’

‘महादेवाचा.’

‘वार सांगा ना. वाराचं नाव.’

‘सांगतलं ना माय, महादेवाचा.’

मी फुली मारली. महिना कोणता? ‘शेवयाचा म्हयना.’ दुसरी फुली. नवऱ्याचं नाव काय? मावशीने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि खाली पाहत बसली. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा मोठ्याने विचारलं, हो, मोठ्याने. मग ‘उत्तर नाही’ असं लिहिलं, सुनेला बाजूला घेऊन समजावलं, चिठ्ठी दिली आणि पळत जाऊन गाडी पकडली. गाडीत बसल्यावर मला बरंच वाटलं, की वेळेत लक्षात आलं. घरचे काळजी घेतील.

घरच्यांनी काळजी घेतली. अगदी अक्षर न् अक्षर पाळून घेतली.

दुसऱ्या वर्षी मॅडम स्वतः तपासणीला निघाल्या. आमच्यावर विश्वास नव्हता असं नाही, पण काही घरी त्या स्वतः जायच्याच. आम्ही त्या घरी गेलो तेव्हा मावशी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. केस विंचरलेले नाहीत. मी ओळखलीच नाही आधी. सून म्हणाली, ‘लय वाईट झालं मॅडम. चिठ्ठीत लिवलं होतं तसं सारं केलं आमी. चुलीपाशी येऊ देत नाई, बाहीर जाऊ देत नाई. गल्लीतल्या बायका बी आता शेवयाले बलावत नाईत. मोठ्या दवाखान्यात नेतो म्हटलं तं यायले तयार नाईत. आता तं दिवसभर काईतरी पुटपुटत रायतात सोताशीच.’ स्वयंपाकघराच्या दाराला आमची चिठ्ठी कणकेच्या खळीने चिकटवलेली होती. येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावी म्हणून.

मॅडम मावशीजवळ जमिनीवर बसल्या. कान पाहिले. स्वच्छ. डोळे पाहिले. मग सहज बोलल्यासारखं विचारलं, ‘आज कोणता वार म्हणायचा मावशी?’

मग अगदी हळू आवाज आला, ‘महादेवाचा.’

‘पाहा,’ सून म्हणाली. ‘असंच बोलतात.’

‘मग चूक काय आहे त्यात? सोमवारच आहे आज,’ मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातातला मागच्या वर्षीचा फॉर्म घेतला, वाचला. वाचता वाचता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. ‘मावशी, सातही वार सांगा बरं ओळीने.’

‘आइतवार,’ मावशी म्हणाली. मग हात हवेत उचलून काहीतरी ओलांडल्यासारखा पुढे नेला. ‘मंगळवार. बुधवार.’

‘मधला का सोडला?’

मावशीने पदर पुढे ओढला. सुनेचा चेहरा एकदम बदलला. ‘अगं बाई,’ ती म्हणाली, ‘मामंजीचं...’ आणि तीही तिथेच अडली. तीही सासऱ्याचं नाव कसं घेणार? शेवटी अंगणात बैलाला पाणी दाखवणारा मुलगा तिथूनच ओरडला, ‘सोमाजी! माह्या बापाचं नाव सोमाजी. आन् मोठ्या बाचं चैतराम.’

सोमाजी, म्हणून सोमवार नाही. चैतराम जेठ, म्हणजे थोरला दीर, म्हणून चैत नाही. नवऱ्याचं नाव तर नाहीच नाही. आणि हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? माझ्या आजोबांचं नाव गुलाबराव. माझी आजी मरेपर्यंत गुलाबजामुनाला ‘पाकातले’ म्हणायची. आम्ही पोरं तिला मुद्दाम चिडवायचो, ‘आजी, काय खाते वं?’ जिच्याशी मी रोज भांडायचे, ज्या आजीमुळे मला ही नोकरी मिळाली, तिचीच गोष्ट मी फॉर्म हातात आल्यावर विसरले. शिकलेल्या बाईचं ध्यान असं असतं.

‘माझी आई बाबांना नावाने हाक मारायची,’ मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. ‘अख्ख्या मोहल्ल्यात ती एकटीच. म्हणून माझ्या डोक्यात आलंच नाही.’ मी काही बोलायला गेले तर हात वर करून थांबवलं. ‘फॉर्म मी केला. तू गप्प बस.’

त्यांनी सुनेला सांगितलं, आमची चूक झाली, मावशीला चुलीजवळ जाऊ द्या. पण आता मुलगा आत आला होता. त्याचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. ‘मॅडम, तुमी एका कागदावर लिवलं, आमी ऐकलं. वर्सभर तिच्या हातचं खाल्लं नाई. घरात गॅस हाये, लहान लेकरं हायेत. आता तुमी तोंडानं म्हन्ता, चूक झाली. मंग पुन्ना परीक्षा घ्या. कागदावर लिवून द्या. पयला कागद बी तुमचाच होता.’

तो बरोबर बोलत होता. मॅडमनी त्याला हात जोडले आणि शनिवारी येतो म्हणाल्या.

त्या आठवड्यात मॅडमनी एका मोठ्या सभेत वाचायचा निबंध मागे घेतला. कित्येक वर्षांच्या कामाचा तो निबंध होता. वरच्या साहेबांचे फोन आले. एका बाईच्या एका फॉर्मसाठी? मॅडम म्हणाल्या, ‘एका बाईचा आज सापडला. बाकीच्या किती जणींच्या दारावर चिठ्ठी चिकटलेली आहे, ते मला मोजू द्या.’ पुढच्या प्रकल्पाला त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. नंतर वर्षभर आम्ही दोघी जुने फॉर्म घेऊन घरोघर फिरलो, सासऱ्या-जेठांची नावं विचारत. अशा आणखी बायका निघाल्या. किती, ते मी इथे सांगत नाही, मला अजून लाज वाटते. काही खरंच आजारी होत्या. काही तेव्हा नव्हत्या आणि आता झाल्या होत्या. ‘हे आधीपासून होतं की आपण केलं, हे आता कधीच कळणार नाही,’ असं मॅडम एकदा बसस्टँडवर म्हणाल्या. त्यानंतर मी त्यांना कधी कोणाची चूक काढताना ऐकलं नाही.

पण तो शनिवार. मॅडम अकोल्याला गेल्या नाहीत. उलट्या दिशेची गाडी धरून आम्ही गेलो. वाटेत बापाचा फोन, ‘येत नाई का आज? पत्ते पिसून बसलो ना वं मी.’ मॅडमनी ‘काम आहे बाबा’ एवढंच म्हटलं. मांडीवर नवा फॉर्म होता. त्यात वार नव्हता, महिना नव्हता, कोणाचंही नाव नव्हतं.

मावशी ओसरीवर बसली होती. न्हालेली, केसांना तेल, धुतलेलं लुगडं. परीक्षेला बसणाऱ्या पोरीसारखी पाठ ताठ. मुलगा खांबाला टेकून उभा, सून दारात. मॅडम म्हणाल्या, ‘मावशी, आज परीक्षा नाही. नुसत्या गप्पा मारू.’

मावशीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

‘तू आली ती पोट्टी. मांगच्या साली.’

‘हो, मावशी.’

‘कंदील, सुई, पेरू.’

मला काही समजेना. मॅडमना आधी समजलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

आमच्या फॉर्मची सुरुवात तीन शब्दांनी होते. शब्द सांगायचे, म्हणायचं की हे ध्यानात ठेवा, मी थोड्या वेळाने विचारीन. मग बाकीचे प्रश्न, आणि शेवटी पुन्हा ते शब्द. त्या दिवशी तीन फुल्या झाल्यावर मी थांबले होते, गाडीसाठी पळाले होते. शब्द विचारायचे राहूनच गेले.

‘तू म्हटलं, ध्यानात ठेवजा मावशी, मंग इचारीन,’ मावशी म्हणाली. ‘मी ठेवले. तू आलीच नाई. रोज म्हणत होती मी. सकायी उठली का म्हणत होती, झोपताना म्हणत होती. इसरली तं मले चुलीपाशी कधीच जाऊ देनार नाईत, असं वाटे.’

‘हेच पुटपुटत होत्या का वं,’ सून म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून दारातच खाली बसली. मुलगा खांबाकडे तोंड करून उभा राहिला. मी मावशीच्या पायाशी डोकं टेकवलं.

‘बराबर हायेत ना?’ मावशीने विचारलं. ‘तीनी?’

‘बरोबर आहेत मावशी,’ मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. ‘तीनही बरोबर आहेत. तुमचं ध्यान आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं आहे. जा, माय. चूल तुमचीच आहे.’

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली. सुनेला ओलांडून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. तिथे आमची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. तिला वाचता येत नव्हतं. तिने त्या अक्षरांकडे पाहिलं, मग वळून मॅडमकडे.

‘तसं नाई,’ ती म्हणाली. ‘कागदावर लिवून दे पयले.’